कांद्याचा मुजरा

ड्वाइट सडवीक्स चाळीस वर्षं गावाचे केस कापत होता आणि त्याहून जास्त वर्षं एक गुपित पोटात ठेवून होता. कॉलेजात असताना दोन हंगाम विद्यापीठाचा कांदा तोच होता.

पूर्व ऑरेगनच्या त्या भागात जिकडे बघावं तिकडे कांदा, म्हणून विद्यापीठाचा शुभंकरही कांदाच. माणसाने आत शिरायचा पोशाख, पिवळाधमक, डोक्यावर हिरवी पात. सामन्यांत मैदानभर नाचायचं, पण तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि आत कोण आहे ते मरेपर्यंत सांगायचं नाही, बायकोलासुद्धा नाही. जुना कांदा नव्याला शिकवायचा तेव्हा नवा आधीच पोशाखात शिरलेला असे आणि जुन्याने डोक्यावर गोणी ओढलेली असे. शिकवणंही मुक्यानेच. ड्वाइटने शिकवलेल्या नव्याचा डावा गुडघा काही केल्या वाकेना, तेव्हा त्याने झाडूच्या दांड्याने त्यावर टकाटक मारून तो वाकवला होता.

शिकवायचा तो मुजरा. तीनदा डुलायचं, डावा गुडघा टेकून पात जमिनीला लागेपर्यंत वाकायचं, उठताना उजव्या पायाने मागे हलकी लाथ. ती लाथ ड्वाइटची. आयुष्यात त्याने स्वतःचं असं एवढंच काढलं होतं आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

यंदा विद्यापीठाने टीव्हीसाठी जाहिरात काढली. कांदा गावात फिरतो, गाव त्याच्यावर प्रेम करतं, असं काहीतरी. अग्निशमन केंद्र झालं, बेकरी झाली, आणि कांदा ड्वाइटच्या दुकानात आला. दारातून आत यायला त्याला तिघांनी ढकललं. ड्वाइटची बायको मार्वा सगळ्यांसाठी कॉफी घेऊन आली होती.

"मिस्टर सडवीक्स, याची पात जराशी कापा," दिग्दर्शिका ब्रिन म्हणाली. ती पोर्टलंडची, शहरातली.

"पात हिरवी असताना कापली की कांदा सडतो. शेंबडं पोरही सांगेल."

"मग नुसती कात्री वाजवा."

ड्वाइटने हवेत कात्री वाजवली. कांदा खुर्चीतून उठला, दोन्ही अंगठे वर केले आणि कंबर हलवू लागला. मुजरा नाहीच. मधली दोन वर्षं सामने बंद होते, तिथेच शिकवणी तुटली असणार. हे एकदा टीव्हीवर गेलं की गाव यालाच कांदा म्हणणार, आणि ड्वाइटची लाथ कायमची गेली. बरं, बोलायची सोय नाही.

"मस्त, परत एकदा," ब्रिन म्हणाली.

कांदा आरशाकडे तोंड करून उभा राहिला. ड्वाइट त्याच्या मागे सरकला आणि आरशात दिसेल असा तीनदा डुलला. गुडघा टेकून वाकला. उठला. लाथ मारली.

"तुमची पाठ धरली का?" ब्रिनने विचारलं.

"वयच झालं," ड्वाइट म्हणाला, आणि पुन्हा डुलला.

कांदा आरशात बघत राहिला. मग तोही डुलला, वाकला, आणि नेमका गुडघ्याशी अडला. तेवढ्यात ड्वाइटला आरशात खिडकीजवळची मार्वा दिसली. कॉफीचा ट्रे ठेवून ती डुलत होती. तीनदा. डावा गुडघा कुरकुरत टेकला, आणि उठताना उजवी लाथ, सुरेख, त्याच्याहून उंच.

ड्वाइटच्या हातातली कात्री पडली. तिचा तो गुडघा दर हिवाळ्यात दुखायचा. कशाने, विचारलं की ती "पडले होते कॉलेजात" म्हणायची, आणि तो रात्री शेक द्यायचा. त्याला लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

कांद्याने बरोब्बर मुजरा केला, लाथेसकट. "कट," ब्रिन ओरडली, "हेच ठेवू."

मार्वा काही बोलली नाही. नियम म्हणजे नियम. तिने कोपऱ्यातला केसांचा झाडू उचलला, नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली आणि दांड्याने त्याच्या डाव्या गुडघ्यावर दोनदा मारलं.

ड्वाइटने गुडघा वाकवला.