निरोप्या फानिआस

फानिआस आमच्याच गल्लीतला, पण त्याला आपल्या दाराशी थांबलेला पाहून कुणाला बरं वाटत नसे. माणूस तसा गरीब स्वभावाचा. वहाणांचे पट्टे शिवायचा, पोरांच्या हातावर सुके अंजीर ठेवायचा, बायकोवर कधी ओरडल्याचं ऐकलं नाही. पण वसंतातल्या उत्सवात नाटकं होत, तेव्हा वर्षानुवर्षं त्याच्या वाट्याला एकच काम येई. निरोप्याचं. राजपुत्र कड्यावरून कोसळला, राणीनं तळघरात जीव दिला, हे आपल्याकडे लोकांसमोर दाखवत नाहीत. ते महालाच्या आत घडतं. मग दार उघडतं आणि मुखवटा घातलेला फानिआस बाहेर येऊन सांगतो.

मी त्याच नाटकांच्या गायकवृंदात होतो. आम्ही वृंदवाले मोठे शहाणे. आतून किंकाळी आली तरी आत जात नाही. बाहेर उभे राहून एकमेकांना विचारतो, जावं का, न जावं का. तोवर आतलं सगळं आटोपतं.

तालमीनंतर फानिआस पाणी घातलेल्या द्राक्षाच्या दारूचे चार घोट घ्यायचा आणि खुलायचा. म्हणायचा, "आधी एका शब्दात मारायचं. मेली. बस. मग गप्प राहायचं. तुम्ही 'कसं?' म्हणून विचारल्याशिवाय पुढे बोलायचं नाही. विचारलंत की तुमचेही हात त्यात बुडाले."

"आणि आम्ही नाहीच विचारलं तर?"

"विचारता रे. माणूस विचारतोच."

आणखी एक सांगायचा. मरणाच्या बातमीत एखादी अगदी फालतू गोष्ट घालावी, जी रचणाऱ्याला सुचणारच नाही. तिच्यावरच लोक विश्वास ठेवतात. आणि मरणाच्या आधी वृंदाचं गाणं आनंदाचं हवं. लोक जरा सैल झाले पाहिजेत.

आमच्या गल्लीत तिमारेती म्हणून एक विधवा होती, मागावर कापड विणायची. तिचा एकुलता एक मुलगा थालोस सिसिलीला गेलेल्या आरमारात वल्हेकरी होता. ते आरमार बुडालं. काही जण दगडाच्या खाणींत मेले, काही विकले गेले, काहींचं काहीच कळलं नाही. थालोस त्या शेवटच्यांतला. मेल्याची खात्री नाही, म्हणून तिला केस कापता येईनात, गळा काढून रडता येईना. रोज त्याचा वाडगा भरून ठेवायची आणि सकाळी कोंबड्यांना घालायची. बाई पार वाळून गेली.

एक दिवस ती फानिआसच्या दारात आली. मी तिथंच पट्टा शिवून घेत बसलो होतो.

"फानिआसा, मला निरोप दे."

"कसला निरोप, काकू? मला काही ठाऊक नाही हो."

"त्या राजाराण्यांचं तरी तुला कुठं ठाऊक असतं? तू होतास का तिथं? तरी सांगतोस ना?"

"शुभ बोला, काकू. येईलही पोरगा."

"येईल येईल म्हणूनच तर मी मरतेय," ती म्हणाली. "तू मार त्याला. म्हणजे मी एकदाची रडेन."

फानिआसनं पुष्कळ टाळलं. पण ती रोज यायची आणि काही न बोलता उंबऱ्याशी बसायची. शेवटी द्राक्षांच्या तोडणीनंतर, गल्लीतल्या बायका तिच्या अंगणात गात बसल्या होत्या तेव्हा, तो तिथं गेला. मुखवटा नव्हता. साधा अंगरखा, पाय धुळीनं भरलेले.

"थालोस मेला," तो म्हणाला आणि गप्प झाला.

गाणं थांबलं. तिमारेतीनं विचारलं, "कसा?"

मग त्यानं सांगितलं. ऊन उतरत होतं. नावेच्या कुशीत शत्रूच्या नावेचं तोंड घुसलं. थालोसचं डावं मनगट वल्ह्याच्या चामडी वादीत अडकलं होतं. तो कांदा खात होता, त्याचा तुकडा तोंडात तसाच राहिला, गिळायलाही वेळ मिळाला नाही. पाणी आधी हिरवं दिसलं, मग काळं. मी इतक्या वर्षांत त्याला इतकं चांगलं बोलताना ऐकलं नव्हतं. आम्ही सगळे रडलो, आणि हे खोटं आहे हे आम्हाला ठाऊक होतं.

त्या दिवशी तिमारेतीनं केस कापले. तिरडीवर त्याचा अंगरखा निजवला, तो पुरला, दाराशी शुद्धीचं पाणी ठेवलं. महिनाभरात तिच्या गालांवर मांस आलं. गल्लीनं फानिआसला दुवा दिला.

पुढच्या उन्हाळ्यात एका भर दुपारी ती मागावर बसून गाणं म्हणत होती, लग्नातलं, चावट. कित्येक वर्षांत तिला गाताना कुणी ऐकलं नव्हतं. गाण्याच्या मध्येच थालोस दारात उभा राहिला.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी समोरच्या भिंतीच्या सावलीत होतो, म्हणून पाहिलं. पायांत वहाणा नाहीत, केस वाढलेले, पण थालोसच. तिमारेती उठली. तिनं पाण्याचं भांडं उचललं आणि भुताला अडवावं तसं दोघांच्या मध्ये ठेवलं.

"आई," तो म्हणाला.

"तुझं सगळं केलंय रे बाळा," ती म्हणाली. "काही राहिलं असेल तर सांग, तेही करते. पण परत जा."

"आई, मी आलोय! हे बघ, कपाळावर, मागाचा दांडा लागला होता. तूच त्यात राख भरली होतीस."

"खूण तिकडेही गेलीच असेल तुझ्याबरोबर." आणि तिनं दार लावून घेतलं. दारामागे ती रडत होती, ते मला ऐकू येत होतं.

तिचं चुकलं असं गल्लीत कुणी म्हटलं नाही. ज्याची तिरडी निघाली तो मेलेलाच, मग चालत का येईना. विहिरीवरच्या बायकांनी त्याला पाणी दिलं नाही, देवळाच्या पुजाऱ्यानं लांबूनच हाकललं. कुत्री त्याच्यावर भुंकतही नव्हती. तो गल्लीतल्या चिनाराच्या झाडाखाली बसून राहिला. मला त्याची भीती वाटत होती, आणि त्या भीतीची लाजही.

फक्त फानिआस जवाची भाकरी घेऊन गेला. तासाभरानं परत आला तेव्हा त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता.

"मी त्याला विचारलं, कसं झालं? त्यानं सांगितलं. डावं मनगट. वादी. पाणी आधी हिरवं, मग काळं."

"कुणीतरी त्याला तुझं भाषण ऐकवलं असेल."

"त्याच्याशी बोलतंय कोण? आणि तोंडात कांदा होता म्हणाला. मी विचारलं, मग पुढे? तर म्हणे, मग मी रस्त्यानं चालत होतो. मध्ये काही नाही."

"बोलाफुलाला गाठ पडते कधीकधी," मी म्हटलं.

"पडते. पण आधी बोल होता की आधी फूल? मी ते चुलीपाशी बसून रचलं रे. कांदा तर तेव्हा मी स्वतः खात होतो."

यावर आमच्याकडे एकच उपाय आहे, जुना. तिरडी निघालेला माणूस परत आला, तर त्याला बाईनं पुन्हा जन्म द्यायचा. तिच्या वस्त्राखालून बाहेर काढायचं, न्हाऊ घालायचं, बाळंत्यात गुंडाळायचं, छातीशी धरायचं. तेव्हा तो जिवंतांत येतो. पण आईची तयारी हवी. फानिआस जाऊन तिच्या उंबऱ्याशी बसला.

"काकू, मारला मी. जन्माला तुम्ही घाला."

"आणि बाहेर येईल तो कोण असेल?" ती आतून म्हणाली.

तरी तो उठला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दार उघडलं आणि सुईणीला बोलावून आण म्हणाली.

बायका थालोसला आत घेऊन गेल्या. आम्ही पुरुष बाहेर उभे राहिलो, नेहमीसारखेच. आत पाणी ओतल्याचा आवाज आला. मग तिमारेती कण्हायला लागली, आणि ते नाटक नव्हतं. दोन पोरांचा बाप आहे मी, मला कळतं. मग रडणं ऐकू आलं. कोवळं, धारदार, ट्यॅहॅ करून. मी शपथेवर सांगतो, मोठ्या माणसाच्या गळ्यातून तसा आवाज निघत नाही. सुईण बाहेर आली, तिनं मुलगा झाल्याची ऑलिव्हची डहाळी दाराला टांगली आणि कुणाकडे न बघता निघून गेली.

थालोस जगला. पण त्याला काहीच ठाऊक नव्हतं. आई कोण, कुत्री कुठली, पाव कसा तोडतात, काही नाही. तिमारेती त्याला 'माझं बाळ' म्हणायची. आता तिला त्याची पक्की ओळख पटली होती, आणि तो तिच्याकडे परक्यासारखा बघायचा.

मग ती पुन्हा फानिआसकडे आली.

"तू सांगितलंस तसं झालं होतं. आता त्याचं लहानपण सांग त्याला. मी सांगते ते त्याला लागत नाही."

फानिआसनं निरोप्याचं काम सोडलं होतं. घरात मीठ संपलं हे सांगायलाही तो कचरायचा. पण तिला नाही म्हणणं त्याला जमलं नाही. तो रोज संध्याकाळी तिच्या अंगणात बसून सांगू लागला. तू चिनारावरून पडलास, शेजारच्याचं बोकड सोडलंस, आईचा माग तोडलास. आणि जे सांगेल ते दुसऱ्या दिवशी थालोसला आठवायचं. तिसऱ्या आठवड्यात त्यानं तिमारेतीला आपणहून 'आई' म्हटलं. त्या दिवशी तिनं गल्लीभर मधाच्या वड्या वाटल्या, आणि फानिआस माझ्या ओसरीवर येऊन लहान मुलासारखा रडला.

परवा मी तिथं होतो. फानिआस आरमार बंदरातून निघेपर्यंत आला आणि थांबला. थालोस तिमारेतीच्या पायाशी बसून सगळं अगदी मन लावून ऐकत होता.

"मग?" त्यानं विचारलं. "पुढे माझं काय झालं?"

फानिआसनं मान फिरवली. पण इतक्या वर्षांची सवय. कुणी विचारलं की त्याचं तोंड उघडतंच. त्यानं श्वास घेतला तशी तिमारेती उठली, आणि तिनं दोन्ही हातांनी फानिआसचं तोंड गच्च दाबून धरलं.