मांडी हलवू नकोस

वस्तीतल्या समाजमंदिरात आम्ही चार मैत्रिणींनी रविवारची फुकट शिकवणी सुरू केली, तेव्हा पहिला नियम मीच केला: धाकटी भावंडं आणायची नाहीत.

सहावीतली रेश्मा सतरंजीवर बसून गणितं करायची आणि तिची डावी मांडी सारखी हलायची. लहानपणी घरात ऐकलेलं वाक्य माझ्या तोंडून आपसूक निघे, "मांडी हलवू नकोस गं." ती थांबे. पुढचं गणित घेतलं की मांडी पुन्हा सुरू.

एका रविवारी ती आलीच नाही, म्हणून घरी गेले. आई कामाला गेलेली. रेश्माच्या मांडीवर तिची वर्षभराची बहीण झोपली होती, समोर वही उघडी होती. मांडी हलत होती, पेन्सिल चालत होती. बहीण आणि अभ्यास तिने कधी वेगळे पाहिलेच नव्हते. वेगळे करायला निघाले होते ती मी.

आता धाकटीही येते. परवा रेश्माचा भागाकार अडला, म्हणून धाकटीला मी मांडीवर घेतलं. ती कुरकुरू लागली. रेश्मा वहीतून मान वर न करता म्हणाली, "ताई, मांडी हलवा."