अक्कांचा 'वा'

तळहात पालथा, चारी बोटं स्वतःकडे हलताहेत, आणि तोंडानं एकच अक्षर, "वा!" अक्का म्हटलं की मला आधी हे दिसतं. बाकीच्या अक्का, म्हणजे बेचाळीस किलोंचा देह, केसांत मोगऱ्याचा गजरा आणि साडीवर चढवलेलं भगवं लाइफ जॅकेट, हे सगळं मागून हळूहळू गोळा होतं. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. पण तो हात अजून हलतोच आहे.

बँकेनं माझी बदली चेन्नईला केली तेव्हा नुंगंबाक्कममधल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर अक्का राहत. घराणं मूळ तंजावरचं. पिढ्यान्पिढ्या तिथं राहून मराठी बोलणारी ही माणसं आमच्यासारख्या सातारा-पुण्याहून आलेल्यांना फार गोड वाटतात आणि थोडी हसण्यासारखीही वाटतात, हे मी लाजत का होईना कबूल करतो. अक्का 'सगळे'ला 'अस्के' म्हणत. आमचे जोशी, आवडी नावाच्या उपनगरातल्या कारखान्यातले, शुद्ध मराठीचे स्वयंघोषित राखणदार, एकदा म्हणाले, "अक्का, अस्के नाही, सगळे."

"सरि," अक्का म्हणाल्या, म्हणजे 'बरं'. "अस्के सगळे आले की?"

जोशींनी पुन्हा नाद केला नाही.

तर नावेचं. एका बोट क्लबानं वापरून जुनी केलेली ड्रॅगन बोट जोशींनी कुठूनशी मिळवली. लांबलचक, पुढे ड्रॅगनचं तोंड. एरीच्या, म्हणजे तिथल्या तलावाच्या, काठची माणसं त्याला देवळाच्या खांबांवर कोरलेला सिंहासारखा प्राणी, याळीच समजत, आणि एक म्हातारी तर येता-जाता नमस्कार करी. दोन्ही बाजूंना दहा-दहा माणसं वल्ही मारणार, मागे सुकाणूला सेल्वम, जो एरवी त्याच एरीत जाळी टाकायचा. दहा आम्ही मराठी मंडळातले, दहा आमच्या इमारतीतले आणि शेजारपाजारचे तमिळ. उरली ढोलाची जागा. ढोलवाल्यानं नावेच्या टोकाला, आमच्याकडे तोंड करून बसायचं आणि ताल धरायचा. त्याचं वजन जितकं कमी तितकं बरं. त्या दिवशी अक्का फक्त बघायला आल्या होत्या. जोशींनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे बँकेच्या आणि कारखान्याच्या कॅन्टीनवर पोसलेले. निवडणूक बिनविरोध झाली.

अक्कांना पोहता येत नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "मी कसाला पोहू? तुम्ही आहात की वीस जण."

आम्ही बसायचं कसं, याचा कुणी विचार केला नव्हता. माणसं आपोआप आपापल्या माणसांच्या रांगेत बसतात. सगळे मराठी डावीकडे, सगळे तमिळ उजवीकडे. अक्कांनी ढोलावर थाप मारली, हात हलवला आणि म्हणाल्या, "वा! वा!"

आता पहिल्याच दहा वल्ह्यांत शाबासकी मिळाली तर मराठी माणूस काय करतो? जरा मागे रेलतो. मी स्वतः रेललो. माझ्यापुढे जोशींनी कपाळावरचा घाम पुसला. 'वा! वा!' पुन्हा आलं. आम्ही आणखी खूश. आणि नाव सावकाश डावीकडे वळत वळत थेट जलपर्णीत घुसली.

असं तीन रविवार झालं. सुकाणू मोडलंय, असं जोशींचं मत. दुसऱ्या एका संघाशी सरावाची शर्यत लावली, तिच्यात आम्ही शेवटचेही आलो नाही, कारण शेवटचं यायला आधी पोचावं लागतं. तेव्हा सेल्वमनं सुकाणू सोडलं आणि कपाळाला हात लावला. तमिळमध्ये तो जे बोलला त्याचा सभ्य भाग असा होता: "अम्मा 'ये, ये' म्हणून बोलावताहेत. उजवीकडचे येताहेत. डावीकडचे हसत का बसतात?"

आम्हाला तमिळ अगदीच येत नव्हतं असं नाही. 'वा' म्हणजे 'ये' हे भाजीवाल्याकडून शिकलो होतो. पण अक्का आमच्याशी मराठीत बोलत, मग त्यांचा 'वा' मराठी नाही हे डोक्यातच आलं नाही. उजवीकडचे दहा जण पोट धरधरून हसले. आमच्यातले काही हसले, जोशी हसले नाहीत.

"झालं ते झालं," ते किनाऱ्यावर म्हणाले. "उन्हाळ्याच्या तोंडावर मोठी शर्यत आहे. सहा संघ. अक्का, राग मानू नका, पण त्यात शेवटी आलो तर ढोलावर दुसरं माणूस बघावं लागेल. शिट्टी आणि वन-टू. भाषेची भानगडच नको." आणि खरोखरच त्यांनी दुसऱ्या रविवारी गळ्यात शिट्टी अडकवून आणली.

"सरि," अक्का म्हणाल्या.

पण ते बोलणं झालं त्याच दिवशी जिना चढताना मला त्यांनी थांबवलं. अक्कांनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडले होते. मग घरोघरी एसटीडी आलं, मोबाइल आले, आणि ते टेबलच उठलं. "तीस वर्षं मी 'बोला' म्हटलं की माणसं बोलत," त्या म्हणाल्या. "मग माझ्या आवाजावर कोणी हललं नाही. ही तुमची नाव हलली. वाकडी का होईना, हलली की नाही?" मी "हो, हलली" एवढंच म्हटलं. मला फार वाईट वाटलं, आणि आपण रेललो होतो याची लाजही वाटली.

पुढच्या रविवारी अक्का कागद घेऊन आल्या. "अस्के आले की? आता उगे बसा आणि ऐका." एका बाकावर मराठी डावीकडे नि तमिळ उजवीकडे, पुढच्या बाकावर उलट, आणि कोण कुणाच्या जोडीला ते नावानिशी लिहिलेलं. "मी जन्मभर हेच केलं. इकडचा एक, तिकडचा एक, लाइन जोडून द्यायची. लाइन लागली की आपण बाजूला."

माझ्या शेजारी वरच्या मजल्यावरचे गणिताचे मास्तर आले. चार वर्षं आम्ही जिन्यात एकमेकांना नुसत्या माना हलवत होतो. त्या रविवारी कळलं, की त्यांची आई आणि माझी आई एकाच गुडघ्यानं हैराण आहेत.

"आणि हे बघा," अक्का आम्हा डावखुऱ्या रसिकांकडे वळून म्हणाल्या, "मी तुम्हांस वाखाणत नव्हतें हो. बोलवत होतें."

सेल्वम मागून म्हणाला, "मग 'वांगो' म्हणा ना अम्मा, इतकी मोठी माणसं आहेत." वडीलधाऱ्यांना किंवा एकाहून अधिक माणसांना बोलवायचं तर तमिळमध्ये 'वांगो' म्हणतात. 'वा' एकट्याला, आणि तोही आपला असेल त्याला.

"वीस माणसांना बोलवलं तर 'वांगो'," अक्का म्हणाल्या. "मी नावेला बोलवतें. नाव एकच आहे की."

त्यानंतर आम्ही वल्हं कसं मारायचं ते शिकलो. खरं सांगायचं तर वल्ही तीच होती. पण ढोलावरचं माणूस मुक्कामाकडे पाठ करून बसतं. त्याला किती अंतर उरलं ते दिसत नाही, फक्त आपली तोंडं दिसतात. त्या तोंडांकडे बघत अक्का 'वा' म्हणत, आणि आता रेलायची कुणाची छाती होत नसे. मास्तर ओढत, म्हणून मी ओढी. मी ओढतो म्हणून ते.

शर्यतीच्या सकाळी समोरून वारा होता. शेजारच्या नावेवर आडदांड ढोल, त्यापुढे आमचा ढोल म्हणजे चौरंगावर बोटं वाजवल्यासारखा. अर्ध्या वाटेत आम्ही चौथे होतो. जोशींचा हात शिट्टीकडे गेलेला मी पाहिला. आणि त्या गदारोळाखालून अक्कांचा आवाज आला. वरून नव्हे, खालून. ट्रंकच्या लाइनवर खरखर असली की ओरडायचं नसतं, शब्द स्वच्छ टाकायचा असतो, हे त्या नेहमी सांगत. "वा." थाप. "वा." थाप. शेवटच्या बाकापर्यंत तो जसाच्या तसा पोचत होता. जोशींनी शिट्टी सोडली आणि दोन्ही हातांनी वल्हं धरलं. आम्ही तिसरे झालो, दुसरे झालो. माझे खांदे पेटले होते, आणि मला आयुष्यात इतकं छान कधीच वाटलं नव्हतं.

ड्रॅगनच्या तोंडाएवढ्या फरकानं आम्ही जिंकलो.

अक्कांना पत्ताच नाही! त्यांची पाठ. त्या आपल्या "वा, वा" म्हणताहेत, आणि त्या म्हणताहेत तोवर थांबायचं आम्हाला भान नाही. नाव शेवटची रेघ ओलांडून सरळ पलीकडच्या जलपर्णीत जाऊन रुतली. सरळ, हे लक्षात घ्या. तेव्हा कुठे त्यांनी मान वळवली.

"झालं की?"

आणि आमचे जोशी, शुद्ध मराठीचे राखणदार, नावेत उभे राहून वल्हं नाचवत ओरडले, "झालं अक्का! अस्के मागे! अस्केच्या अस्के मागे राहिले!"

अक्का तोंडावर पदर धरून किती वेळ हसत होत्या. मग डोळे पुसत होत्या. शिट्टी जोशींनी ड्रॅगनच्या दातांत अडकवली, ती पुढे कित्येक दिवस तिथंच होती.

पुढच्या हंगामाच्या आधी अक्कांना तंजावरला जावं लागलं. थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती. जाताना त्यांनी इमारतीतल्या कॉलेजातल्या एका मुलीला ढोल शिकवला. "लाइन लागली आहे," म्हणाल्या. तो हंगामही आम्ही जिंकलो. किनाऱ्यावरूनच मी फोन लावला. बातमी सांगितली. पलीकडून तोच स्वच्छ आवाज.

"वा."

फोनवर हात दिसत नाही. मी मास्तरांना विचारलं, ही शाबासकी की बोलावणं? मास्तरांनी जोशींना विचारलं. जोशी थेट एग्मोर स्टेशनला गेले आणि पुढच्या शनिवारची तंजावरची एकवीस तिकिटं घेऊन आले. वीस वल्ह्यांची आणि एक सेल्वमचं; ढोलवाल्या मुलीची परीक्षा होती.

त्या अरुंद गल्लीत आम्ही दोघं-दोघं करून, आपापल्या जोडीदाराबरोबरच शिरलो. मुद्दाम नव्हे, सवयीनं. अक्का ओट्यावर उभ्या होत्या. बारीक झाल्या होत्या, गजरा मात्र होता. एकवीस माणसं दारात. इतक्यांना काय म्हणून बोलवायचं असतं, हे आता आम्हाला पक्कं पाठ होतं.

अक्कांनी आमच्या रांगेवरून एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत नजर फिरवली. मग तळहात पालथा केला, चारी बोटं स्वतःकडे हलवली, आणि म्हणाल्या, "वा."