कमरेची किल्ली

रंकाळा स्टँडजवळच्या त्या मोबाईलवाल्याचं पूर्वी व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. कॉलेज बुडवून आम्ही तिथं पडीक असायचो. शेवटच्या फेरीत कुणी हरला, की तो कमरेची किल्ली काढून मशीन उघडायचा, आतलं बटण दाबायचा आणि गल्लीभर ओरडायचा, "घे, एक लाईफ माझ्याकडनं!"

आता तो मोबाईल गेमची कूपनं विकतो. "नवा गेम पयला म्हैनाभर लई कमावतोय, मग कुत्रं इचारत न्हाय," हेही तो ओरडूनच सांगतो.

परवा नव्या गेममध्ये माझ्या लाईफ संपल्या, म्हणून कूपन मागितलं. "कशाला पैसं घालतोस लेका?" म्हणत त्यानं माझा फोन हातात घेतला. दुसरा हात सवयीनं कमरेकडं गेला.

"ह्याला कुलूपच न्हाय की रं," तो म्हणाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच हळू आवाजात.