शिमग्यातलं जपानी गाऱ्हाणं

"हिच्यापेक्षा टेपरेकॉर्डर बरा! निदान बटण दाबलं की बोलतो तरी!"

परागला हे माझ्याबद्दल सरांच्या कानात हळूच म्हणायचं होतं. पण रत्नागिरी जवळ आली होती, गाडी त्या लांबलचक बोगद्यात शिरली होती आणि बोगद्यात ओरडल्याशिवाय शेजारच्यालाही ऐकू जात नाही. त्यामुळे सरांबरोबर अर्ध्या डब्याने ते वाक्य ऐकलं. मी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले होते. ते तसेच मिटून ठेवले.

कोकण रेल्वे सुरू होऊन तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली होती. मुंबईत आम्ही विद्यापीठात या सरांकडे जपानी शिकत होतो. मोरिता सान ('सान' म्हणजे आपल्याकडचे ताई, बाई आणि राव सगळे एकात) या पन्नाशीच्या प्राध्यापिका गावोगावचे उत्सव अभ्यासायला जपानहून आल्या होत्या आणि त्यांना कोकणातला शिमगा पाहायचा होता. दुभाष्या म्हणून आमचा सीनियर पराग होता. मला सरांनी का घेतलं, ते त्यांनी निघण्याआधी स्पष्ट सांगितलं होतं.

"लेखी परीक्षेत तू पहिली. तोंडी परीक्षेत नुसती बघत बसतेस. पुढच्या वर्षी दुभाष्यांचा वर्ग सुरू होतोय, त्यात एकच जागा उरली आहे. या प्रवासात तुझा आवाज ऐकला, तर ती तुझी. नाहीतर मशिनींची माहितीपत्रकं भाषांतरित करायची. तेही वाईट काम नाही."

वाईट नव्हतं. पण मला ते नको होतं.

माझी अडचण अशी की शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे कुठलंही वाक्य मनात आधी इंग्रजीत तयार व्हायचं. मग ते तपासायचं, मग जपानीत न्यायचं, मग पुन्हा तपासायचं. तोवर माणसं पुढच्या विषयावर गेलेली असत.

रत्नागिरी स्टेशनावर तात्या जीप घेऊन आले होते. सरांचे जुने मित्र, आंब्याचे बागायतदार. आम्ही त्यांच्याकडेच उतरणार होतो. जीप सड्यावरून (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरून) निघाली. दोन्ही बाजूंना तांबडा-काळा कातळ आणि त्यावर वाळून सोनेरी झालेलं गवत. मग एकदम उतार लागला, हवा गार झाली, आणि गडग्यांच्या (दगड रचून केलेल्या कुंपणांच्या) आत कलमांची दाट हिरवी बाग सुरू झाली. झाडांच्या फटींतून खाली समुद्र दिसत होता. मोरिता सान जीप थांबवायला लावून खाली उतरल्या आणि बराच वेळ काही न बोलता बघत राहिल्या. असं न बोलता बघणारं माणूस मला नेहमीच आवडतं.

जेवायला ओल्या काजूगरांची उसळ, तांदळाची भाकरी आणि सोलकढी होती. पराग बाहेरच्या पडवीत तात्यांचं बोलणं झरझर जपानीत करत होता. मी स्वयंपाकघरात तात्यांच्या पत्नीजवळ, काकूंजवळ बसले. काकू आणि त्यांच्या शेजारणी अखंड बोलत होत्या, मी काजू सोलत ऐकत होते.

"ही कुणाची गो? बोलत नाय ती?"

"शिकलेली हाय. शिकलेल्या पोरी मापातच बोलतात."

"मंग तू कंदी शिकणार?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. दोन दिवस मी तिथेच होते. पहिल्या दिवशी निम्मं कळत नव्हतं, दुसऱ्या दिवशी त्यांचे विनोदही कळायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोरिता सानना बाग दाखवायला नेलं. पराग फोटो काढत मागे राहिला होता. झाडाखाली पडलेली काजूची बी त्यांनी उचलली आणि तोंडाशी नेली. कच्च्या बीच्या सालीत भाजणारं तेल असतं, काकूंनी मला सकाळीच बजावलं होतं. मी आदरार्थी क्रियापदाचं रूप मनात जुळवू लागले. ते जुळेपर्यंत बी चावून झाली होती. ओठाला फोड आली. काकूंनी खोबरेल लावलं. मोरिता सान म्हणाल्या, "तुम्ही काहीतरी सांगणार होतात. चेहऱ्यावर दिसलं मला." त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं की परागच्या टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी पालखी आली. शिमग्यात इथे ग्रामदेवता पालखीत बसून घरोघर येते. आधी लांबून ढोल ऐकू आले, मग उतारावरून पालखी नाचवत माणसं आली आणि तात्यांच्या खळ्यात (अंगणात) ती टेकवली. काकूंनी देवीची ओटी भरली. मग गुरव पुढे झाले. गाऱ्हाणं घालणं म्हणजे घरच्यांच्या वतीने देवीला त्यांचं मागणं मोठ्याने सांगणं. घरच्यांनी स्वतः बोलायचं नसतं. त्यांचं म्हणणं गुरव सांगतात आणि दर वाक्याला सगळ्यांनी हुंकार द्यायचा असतो.

"हे आई, तुझी लेकरं तुझ्या पायाशी उभी हायत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कलमांना धरलेला मोहोर टिकू दे, मुंबैला गेलेल्यांना सुखी ठेव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मोरिता सानच्या हातात टेपरेकॉर्डर चालू होता. त्यांनी परागकडे पाहिलं.

"सुखसमृद्धीसाठी प्रार्थना चालली आहे," पराग जपानीत म्हणाला.

"सोऽ देसु का," (असं आहे का) मोरिता सान नम्रपणे म्हणाल्या. त्या नम्रपणात निराशा होती. "नेमके शब्द काय आहेत?"

पराग सरांकडे वळला. "सर, एवढ्या वेगात यांची बोली मला नाही जमत," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

तेवढ्यात तात्या ओरडले, "गुरवानू, आमच्या पाव्हणीचंही गाऱ्हाणं घाला!"

"घालू की. त्यांना काय मागायचाय?"

सगळ्यांनी परागकडे पाहिलं. परागने माझ्याकडे. सर मात्र मुद्दाम पालखीकडे बघत होते.

मोरिता सानच्या ओठावरची ती फोड मला दिसली आणि मी त्यांना जपानीत विचारलं, देवीकडे काय मागायचं. आदरार्थी रूप बरोबर होतं की नाही, आजही आठवत नाही.

त्या म्हणाल्या, त्यांची म्हातारी आई समुद्राकाठच्या डोंगरावर संत्र्यांची बाग सांभाळते. भाऊ नाही, आणि स्वतः त्या शहरात. आईनंतर झाडांना हात लावणारं कुणी नाही. झाडांना माणूस मिळावं.

मी ते मराठीत गुरवांना सांगितलं. तात्यांचा मुलगा दुबईत होता. तात्या नुसतं "आमच्यासारखाच की," म्हणाले.

"हे आई," गुरवांनी आवाज चढवला, "सातासमुद्रापलीकडची लेक तुझ्या दारी आली हाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी मोरिता सानसाठी वाक्य जपानीत केलं. ढोल अजून घुमत होते, म्हणून मोठ्याने बोलावं लागलं. वाक्य संपवून मी श्वास घेतला.

"व्हय म्हाराजा!" अख्खं खळं माझ्या जपानीला गरजलं.

मग हशा.

"अरे, काय म्हनाली ती?" मागून एक म्हातारबाबा.

"काय का म्हनेना! देवीपुढं बोलली ना? हुंकार द्यायला नको?"

गुरव हसले नाहीत. त्यांनी पुढचं वाक्य घेतलं, लोकांनी हुंकार दिला आणि गुरव माझ्याकडे बघत थांबले. आता हाच क्रम ठरला. तिच्या म्हाताऱ्या आईच्या झाडांना माणूस दे. मी जपानीत बोलले. व्हय म्हाराजा! जसा मोहोर आमचा, तसा तिचा सांभाळ. मी बोलले. व्हय म्हाराजा! मधे इंग्रजी कुठेच आलं नाही. यायला जागाच नव्हती. शेवटच्या वाक्याला मोरिता सानही डोळे पुसत त्या हुंकारात सामील झाल्या.

प्रसादाचा नारळ देताना गुरवांनी मला विचारलं, "आनि तुझा काय गो, बाय?"

"काही नाही," मी पुटपुटले.

"काय नाय, असा कोण मागतो? बघ, ठरव."

परतीच्या गाडीत मोरिता सान कॅसेट ऐकत होत्या. त्यांनी हेडफोन काढून परागच्या कानाला लावले. तो गाऱ्हाण्यातला माझा आवाज ऐकत राहिला, मग ओशाळून म्हणाला, "येताना तू जागी होतीस ना?"

मी मान डोलावली.

"मग बोलली का नाहीस?"

"बटण कुणी दाबलं नाही," मी म्हटलं. तो इतका हसला की समोरच्या बाई दचकल्या.

खिडकीतून तांबडा कातळ मागे पळत होता. आजवर मी समजत होते, की बोलणं म्हणजे स्वतःला लोकांसमोर उभं करणं. पण गुरव उभं आयुष्य दुसऱ्याच्या वतीने बोलत आले होते आणि त्यांचा आवाज कधी कापत नव्हता. ते काम मलाही येत होतं. फक्त ते मला हवंय, हे दुसऱ्या कुणी माझ्या वतीने सांगणार नव्हतं.

सर समोर येऊन बसले. "त्या वर्गासाठी तुझं नाव पाठवा, असं पराग म्हणतोय. मोरिता सानही म्हणतायत. पण मला तुझ्याकडून ऐकायचंय. काय हवंय तुला?"

मी सांगितलं. त्याच वेळी गाडी बोगद्यात शिरली.

"काय?" सरांनी कानामागे हात धरला. "ऐकू येत नाही!"

मग मी अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मला दुभाषी व्हायचंय, सर! ती जागा मला हवी आहे!"