सुलूआत्याचे सहा चौकोन: जोडायचे की उसवायचे

जे झालं ते आधी क्रमानं लिहिते. म्हणजे कोणाला फोन करून विचारावं लागणार नाही.

१. सुलूआत्या, माझ्या बाबांची धाकटी बहीण, गेली. मावला गावातलं ब्लाउजपीसचं मॅचिंग सेंटर तिचं होतं.

२. ती लोकर आणायला इचोड्याला गेली होती. परतीच्या बसमध्ये छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

३. मांडीवरच्या पिशवीत नवी लोकर होती आणि तिनं विणून पूर्ण केलेले सहा चौकोन.

४. काल तिचं तेरावं झालं.

५. ते सहा चौकोन आत्ता माझ्यासमोर आहेत. त्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

थंडी सुरू व्हायच्या आधी आत्याच्या दुकानात दुपारी बायका जमायच्या आणि क्रोशानं चौकोन विणायच्या. चौकोन जोडून लहान ब्लँकेटं व्हायची. ती सरकारी दवाखान्यात, नुकत्याच जन्मलेल्या बाळांसाठी जायची. लोकर वर्गणीतून यायची.

टाका ठरलेला होता. एकाच टाक्यात पाच खांब, म्हणजे उंच टाके, घालायचे, सुई काढायची, ती पहिल्या खांबात घालून सुटलेला फास त्यातून ओढून घ्यायचा. मधे एक फुगीर गाठ उभी राहते.

व्हिडिओत त्याला पॉपकॉर्न म्हणतात. दुकानात सगळ्या बोंड म्हणायच्या. उकललेल्या कापसाच्या बोंडासारखं दिसतं म्हणून.

मी मोजमापाच्या यंत्रांचं कॅलिब्रेशन करते. एकदा सुट्टीत पट्टी घेऊन बसले.

"आत्या, हा चौकोनच नाहीये. एक बाजू चौदा सेंटिमीटर, दुसरी साडेपंधरा."

"मंग?"

"मग जोडताना ओढ बसेल."

"बसू दे. बाळ काय पट्टी घेऊन जल्मते का वं? थे तिकडं कुडकुडून राह्यलं, आन् तू इथं मोजून राह्यली!"

सगळ्या हसल्या. मी पट्टी बॅगेत टाकली. त्या दुपारी आत्यानं मला दोनदा चहा दिला.

तिचे स्वतःचे नियम मात्र कडक होते.

शोभाकाकू तिची शाळेपासूनची मैत्रीण. त्यांनी एकदा वर्गणीच्या लोकरीतून नातवाला टोपी विणली.

"शोभे, तुहा नातू दवाखान्यात भरती हाय का?"

"नाई वं. काऊन?"

"मंग काढ थे टोपी."

टोपी भर दुकानात उसवली गेली. पुढे बरेच दिवस दोघी बोलल्या नाहीत. मग बोलायला लागल्या. कोण आधी बोललं यावर शेवटपर्यंत वाद होता.

आज दुपारी आम्ही या वर्षीचं पहिलं ब्लँकेट जोडायला बसलो. सगळ्यांच्या चौकोनांत मी आत्याचे सहा मांडले.

शोभाकाकूंनी ते उचलून बाजूला ठेवले.

"गेलेल्या मानसाचं तान्ह्या लेकराच्या अंगावर टाकत नाई बाई."

मला ही पद्धत माहीत आहे. आत्याच्या साड्या, गादी, चादर मीच बांधून बाहेर दिली. तेव्हा मी काही बोलले नाही.

आज बोलले.

"काकू, हे तिचं पांघरूण नाही. तिनं हे एकदाही अंगावर घेतलेलं नाही."

"हात त तिचाच हाय ना."

"बाळाला काय कळणार आहे?"

"बाळाले नाई. त्याच्या मायले. तिनं इचारलं त काय सांगशीन?"

त्या आईला न सांगता देणं मलाही बरोबर वाटत नाही.

मग काकू हळूच म्हणाल्या, "उसव पोरी. आपल्यातल्या कमळाबाई गेल्या तवा तुह्या आत्यानंच त्यायचे चौकोन उसवले. लोकर धुतली, वाळवली, आन् आमालेच वाटली. लोकरीले सुतक नाई म्हने."

हे खरं आहे. ती लोकर गुंडाळायला मीच बसले होते.

कोणीतरी म्हणालं, ठेवून घे तुझ्याकडे आठवण म्हणून.

ते शक्य नाही. लोकर बाळांची आहे. आत्यानं स्वतःसाठी त्यातला वीतभर धागा घेतला नसता.

क्रोशाचं असं असतं की शेवटचा फास सोडून धागा ओढला की सगळं सुटत जातं. बोंडं एकेक करून नाहीशी होतात. सहा चौकोनांना चहा निवण्याइतकाही वेळ लागणार नाही.

आत्याची बोंडं घट्ट असतात, डावीकडे थोडी कललेली. ढिगात हात घातला तरी बोटांना कळतं, हे तिचं.

उसवलेली लोकर काही वेळ वळ्या धरून राहते. धुतली की सरळ होते.

तिचे फोटो आहेत माझ्याकडे. दोन व्हिडिओंत आवाज आहे. तिच्या हातचं एवढंच उरलं आहे.

मी सांगून टाकते, हे चौकोन जोडावेत असं मला वाटतं. पण ब्लँकेट सगळ्यांचं आहे.

शोभाकाकू शेवटी म्हणाल्या, "माह्यं मन नाई घेत. पन बाकीच्या हो म्हनतीन त मी आड येनार नाई." त्यांचे आभार.

सुलूआत्या, तुला निरोप देते आहे. नीट जमत नाहीये.

दुकानात बसणाऱ्या बाकी प्रत्येकीला विनंती.

जोडायला हरकत आहे की नाही, एवढंच कळवा. कारण लिहू नका.

सगळ्यांचं हो आलं तर ते ब्लँकेट घेऊन मी स्वतः वॉर्डात जाईन. बाळाच्या आईला काय आहे ते सांगीन. ती घेईल तरच देईन.

एकीचीही हरकत असली तर उसवू. राग येणार नाही. फक्त ते मी उसवीन, दुसऱ्या कोणी हात लावू नका.

रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्या.