भागाबाईचा डावा मोजा

हुमनाबादच्या अलीकडं मिशनचा एक दवाखाना आहे. तिथं भागाबाई अठ्ठावीस वर्षं लोकांचे पाय धुते. कुष्ठाचे पाय, साखरेच्या आजाराचे पाय, लाजेपायी लपवून ठेवलेले पाय. हळ्ळीखेडची ही बाई घरातून बुद्धवंदना म्हणून निघते आणि दवाखान्यातल्या प्रार्थनेला सगळ्यांपेक्षा मोठ्यानं आमेन म्हणते. कुणी टोकलं तर म्हणते, "प्रार्थना तुमची, पाय माझे."

तिच्या तोंडाचा पट्टा टबातलं पाणी गार होईस्तोवर चालतो. ज्यांच्या पायाला काही कळत नाही, त्यांना दवाखाना एक छोटा आरसा देतो. रोज तळवा बघायचा, फोड दिसला की सांगायचं. आळंदची चंद्रम्मा बघायची नाही आणि जखम घेऊन पुन्हा यायची. मग भागाबाई तिला म्हणायची,

"तोंड बघायला आरसा लागतंय, तळव्याला न्हाई व्हय? आन् तुझ्या तोंडाकडं आता कोण बघायलंय?"

चंद्रम्मा खो खो हसायची, मग अख्खा वॉर्ड. पाणी गरम हाय का म्हणून विचारल्यावर जो "कळत न्हाई" म्हणेल, त्याला भागाबाई म्हणायची, "झोपलाय व्हय तुझा पाय?" त्यालाही हसू यायचं. रडायला जागा बरीच होती तिथं, पण ही बाई रडू द्यायची नाही.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी डॉक्टर विनीता बारा रुग्णांचे पाय धुतात, येशूनं शिष्यांचे धुतले तसे. यावर भागाबाईचं दरवर्षीचं भाषण ठरलेलं. "आमच्या डॉक्टरबाई वरसातून एकदा धुतात तर फोटो निघतंय. मी रोज धुते, तर माझा रेशनकार्डावर पण धड फोटो न्हाई."

यंदा बाकावर अकराच जण बसले. बारावा गडी न सांगता भाचीच्या लग्नाला पळालेला.

"भागाबाई, तुम्ही बसा," डॉक्टर म्हणाल्या.

भागाबाईचा चेहरा उतरला. तिला चार वर्षांपासून साखर. तीन आठवड्यांमागं डाव्या तळव्याला फोड आला, तो फुटला, आणि ती त्यावर कापूस कोंबून मोजा घालायला लागली. एप्रिलच्या उन्हात मोजा कशाला, तर म्हणे फॅशन. आता दाखवावं तर सहा आठवडे पाय जमिनीला लागू देणार नाहीत, हे तिनंच शेकडो जणांना सांगितलेलं. निवृत्तीला उरले आठ महिने. एकदा आडवी झाले की मला परत कोण बोलावतंय, या भीतीनं ती रोज लंगडत टब उचलत होती.

"मला कामं हायत," ती म्हणाली.

पुन्हा जखम घेऊन दाखल झालेली चंद्रम्मा बाकावरून बोलली, "बस की अक्का. उन्हाळ्यात मोजा कामून? आरशात बघितलीस का?"

सगळे हसले. भागाबाई हसली नाही. ती बसली.

डॉक्टरांनी मोजा उतरवला आणि वास आला. मग कुणीच हसलं नाही. डॉक्टर रागावल्याही नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं.

"आणखी आठ दिवस गेले असते तर पाऊल काढावं लागलं असतं."

"आन् माझा टब?"

"टब कुठं जात नाही. तुम्हीही जात नाही."

चंद्रम्माशेजारची खाट तिला मिळाली. दुसऱ्या दिवशी नर्सनं टब आणून ठेवला. डाव्याला पट्टी होती, म्हणून उजवा, चांगला पाय धुवायचा होता. चंद्रम्मा चाकाची खुर्ची सरकवत आली. कुष्ठानं वाकड्या झालेल्या तिच्या बोटांना गरम-गार कळत नाही, म्हणून तिनं पाण्यात कोपर बुडवून पाहिलं आणि भागाबाईचा पाय आत घेतला.

"गरम हाय का अक्का?"

भागाबाईनं काहीतरी टोमणा मारायला तोंड उघडलं. पोटरीला पाणी गरम लागलं होतं. तळव्याला काहीच लागलं नव्हतं. चांगल्या तळव्याला.

"कळत न्हाई गं," ती म्हणाली आणि रडायला लागली. अठ्ठावीस वर्षं हेच उत्तर ऐकून आपण हसवत आलो आणि हे उत्तर देताना कसं वाटतं ते आपल्याला ठाऊकच नव्हतं, हे तिला फार लागलं.

चंद्रम्मानं तिला रडू दिलं. मग पुन्हा कोपर बुडवलं. "बराबर हाय पाणी. मी हाय न्हवं सांगायला. तुझा पाय झोपलाय तर झोपू दे."

भागाबाईला रडता रडता हसू फुटलं. चंद्रम्मानं पाय पुसला आणि आपला आरसा तिच्या हातात दिला.

"तोंड नंतर बघ. तसंबी कोण बघायलंय."

भागाबाईनं आरसा उजव्या तळव्याखाली धरला, इकडून तिकडून फिरवून नीट पाहिलं. तळवा स्वच्छ होता, कुठं फोड नव्हता. तिनं तळवा चंद्रम्मालाही दाखवला.